चॉकलेट-पीनट बटर स्मूदी घरच्या मिक्सरमध्ये: दाणे भाजण्यापासून ग्लासात ओतेपर्यंत

या स्मूदीला लागणाऱ्या जिनसांपैकी कोको पावडर सोडली तर बाकी सगळं कोल्हापुरात हाताशी आहे. दूध सकाळी दारात येतं, शेंगदाणे लक्ष्मीपुरीच्या बाजारात पोत्यात हात घालून, चावून बघून घेता येतात, केळी कुठल्याही चौकातल्या गाड्यावर मिळतात आणि गोडीसाठी गुऱ्हाळावरची काकवी आहे. तरीही पहिल्यांदा करणाऱ्याची स्मूदी बहुतेक वेळा फसते. कधी वर कोकोच्या कोरड्या गुठळ्या तरंगतात, कधी दाण्याचं कूट तळाला बसतं, कधी एवढी गोड होते की चॉकलेटची चवच लागत नाही.

ती पौष्टिक होते की नाही, हे मिक्सर सुरू करण्याआधीच ठरलेलं असतं. कोको बिनसाखरेचा हवा, पीनट बटर नुसत्या दाण्याचं हवं आणि गोडी मुख्यतः केळ्यातून यायला हवी. या तीन गोष्टी सांभाळल्या की उरतं ते हाताचं काम.

एका मोठ्या ग्लासाचं माप (साधारण ३५० मिली)

गार दूध २०० मिली, पिकलेलं केळं एक मध्यम, सोलून सुमारे १०० ग्रॅम, पीनट बटर २० ग्रॅम, कोको पावडर ५ ते ६ ग्रॅम, म्हणजे एक सपाट टेबलस्पून, बिनबियांचा खजूर २ किंवा काकवी एक टीस्पून, मीठ चिमूटभर, केळं गोठवलेलं नसेल तर बर्फाचे ३-४ खडे.

टेबलस्पून म्हणजे १५ मिलीचा चमचा. आपला पोह्याचा चमचा त्याहून लहान असतो आणि प्रत्येक घरी वेगळा असतो. पहिल्या वेळी मापाच्या चमच्यांचा संच घ्या, किंवा घरच्या चमच्यात औषधाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या झाकणाने पाणी मोजून बघा. कोकोत अर्धा चमचा इकडेतिकडे झाला तरी स्मूदी कडू किंवा सपक होते, म्हणून अंदाज नंतर, आधी माप.

टोन्ड दूध घेतलं तर या ग्लासात साधारण ३९० कॅलरी आणि १३ ग्रॅम प्रथिनं येतात. म्हणजे हा नाश्ता झाला. मिसळ खाऊन वर हा ग्लास घेतला तर त्याला पौष्टिक म्हणण्यात अर्थ नाही.

शेंगदाणे आणि पीनट बटर

दुकानातली बरणी घेणार असाल तर मागचं लेबल वाचा. घटकांत शेंगदाणे आणि फार तर मीठ एवढंच असावं. साखर आणि हायड्रोजनेटेड वनस्पती तेल दिसलं तर बरणी परत ठेवा. ते तेल घातलेलं असतं बटर फुटू नये म्हणून, खाणाऱ्याच्या भल्यासाठी नव्हे. शुद्ध पीनट बटरवर तेलाचा थर येतोच, तो कोरड्या चमच्याने ढवळून घ्यायचा.

पण घरी करणं इतकं सोपं आहे की विकतचं घ्यायची गरज पडत नाही. पाव किलो दाण्यात दहा-अकरा ग्लासांची सोय होते.

दाणे घेताना दोन चावून बघा. किंचितही खवट लागले तर घेऊ नका, भाजल्याने खवटपणा जात नाही. जात घुंगरू असो की जाडा, दाणा टपोरा आणि कोरडा हवा. पावसाळ्यात विशेष लक्ष द्या. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतच ओल असते आणि दाण्याला बुरशी धरते. सुरकुतलेले, काळपट-हिरवट, चावल्यावर कडू लागणारे दाणे एकेक करून काढून टाका. या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृताला घातक असतं आणि घरच्या भाजण्याने पुरतं नष्ट होत नाही. एवढं निवडणं कंटाळवाणं वाटलं तरी टाळू नका.

जाड बुडाच्या कढईत पाव किलो दाणे मंद आचेवर दहा ते बारा मिनिटं भाजा. उलथनं थांबवू नका. गॅस मोठा केला की साल काळं होतं आणि दाणा आतून कच्चाच राहतो. मग त्या कच्च्या दाण्याचा हिरवट वास स्मूदीत कोकोच्याही वर येतो. साल तडकायला लागलं आणि एक दाणा दुभंगून बघितल्यावर आतून फिकट बदामी दिसला की गॅस बंद. कढई तापलेली असते, त्यामुळे दाणे लगेच परातीत काढा, नाहीतर ते भाजतच राहतात.

हाताला सोसेल इतके निवले की फडक्यात घेऊन चोळा आणि सुपात पाखडा. थोडी सालं राहिली तर बिघडत नाही, सगळीच ठेवली तर तुरटपणा येतो. भडभुंज्याकडचे भाजलेले बिनमिठाचे दाणे मिळाले तर हे सगळं काम वाचतं. खारे दाणे घेतले तर पुढे स्मूदीत मीठ घालू नका.

आता दळणं, आणि नवखा माणूस इथेच हात टेकतो. दाणे कोमट असतानाच मिक्सरच्या मधल्या भांड्यात घाला. कोमट दाण्यातलं तेल लवकर सुटतं. कढत दाणे घालू नका, झाकणाला वाफ धरते आणि तिचं पाणी आत पडतं. भांड्यात दाणे पाती बुडतील इतके तरी हवेत. मोठ्या भांड्यात मूठभर दाणे टाकले तर ते भिंतीवर उडून चिकटतात आणि पाती रिकामीच फिरतात.

पहिल्या अर्ध्या मिनिटात कूट होतं. मग एकेका मिनिटाच्या अंतराने ते ओलसर दिसायला लागतं आणि एका क्षणी त्याचा गोळा बनतो. मिक्सरचा आवाज जड होतो, भांडं हादरतं. इथे लोक घाबरून पाणी घालतात. पाणी कधीच नाही! पाण्याने गोळा सुटण्याऐवजी आणखी घट्ट होतो आणि बरणीतलं बटर चार दिवसांत आंबतं. मिक्सर थांबवा, कडेचं खरवडून मध्ये आणा, दोन मिनिटं मोटर गार होऊ द्या, पुन्हा तीस सेकंद फिरवा. असं पाच-सहा वेळा. दाण्यात निम्म्याच्या आसपास तेलच असतं, ते सुटणारच आहे. मग गोळा अचानक ढिला पडतो, आवाज हलका होतो, पृष्ठभागावर चकाकी येते आणि चमच्यावरून ते मधासारखं, पण जाड धारेने पडतं. तिथे थांबा. आठ-दहा फेऱ्यांनंतरही गोळाच राहिला तर एक टीस्पून शेंगदाण्याचं तेल घाला, घाण्याचं असेल तर उत्तम.

या कामात ५०० वॉटच्या मिक्सरला दमवू नका. मध्येच तो गपकन बंद पडला तर जळाला असं समजू नका. बहुतेक मिक्सरच्या तळाला लाल बटण असतं, मोटर तापली की ते आपोआप उडतं. प्लग काढा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, बटण दाबा, पुन्हा सुरू होतो.

तयार बटर काचेच्या कोरड्या बरणीत भरा. बाहेर दोन आठवडे, फ्रीजमध्ये महिना-दीड महिना सहज राहतं. ओला चमचा बुडवला तर हा हिशेब संपला.

बटर नाही, नुसतं दाण्याचं कूट घरात आहे, तर? चालेल, पण स्मूदी दाणेदार होईल. कूट दोन टेबलस्पून घ्या आणि बाकी काही घालण्याआधी पाव कप दुधात तेवढंच मिनिटभर बारीक फिरवून घ्या. तालमीत थंडाई करताना बदाम आधी वाटतात आणि दूध मागून घालतात, त्याच तत्त्वाने.

कोको

दुकानात डब्यावर चॉकलेटचं चित्र असलेल्या दोन वस्तू शेजारी शेजारी असतात. एकावर ड्रिंकिंग चॉकलेट लिहिलेलं असतं, त्यात सर्वात जास्त भरणा साखरेचा असतो. दुसऱ्यावर कोको पावडर, अनस्वीटन्ड. आपल्याला ही दुसरी हवी. लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्यामुळे पहिलंच नाव साखर असेल तर तो डबा आपला नाही.

बिनसाखरेच्या कोकोतही दोन प्रकार. नैसर्गिक कोको फिकट तपकिरी आणि थोडा आंबटसर असतो. अल्कलीवर प्रक्रिया केलेला गडद, चवीला मऊ. घटकांत अल्कली किंवा आम्लता नियंत्रक असा उल्लेख दिसला की तो दुसरा. या प्रक्रियेत कोकोतली फ्लेव्हनॉल्स नावाची उपयुक्त द्रव्यं बरीच कमी होतात, म्हणून आरोग्यासाठी नैसर्गिक बरा. त्याचा आंबटपणा केळं आणि चिमूटभर मीठ झाकून टाकतात. लहान मुलांना मात्र गडदच जास्त आवडतो.

कोको गार दुधात कधीही थेट टाकू नका. डच लोकांनी १८२८ साली कोकोतली चरबी दाबून काढण्याचं यंत्र आणलं, तेव्हापासून आजची पावडर मिळते. तरी तिच्यात दहा-वीस टक्के चरबी उरतेच. त्यामुळे गार दूध तिला भिजवत नाही, बाहेरून ओला आणि आतून कोरडा असा गोळा होतो. मिक्सरही तो पूर्ण फोडत नाही. उपाय दोन मिनिटांचा आहे. वाटीत कोको घ्या, त्यावर एक टेबलस्पून कढत दूध घाला आणि भिजवलेल्या मेंदीसारखा घट्ट, गुळगुळीत लेप होईपर्यंत चमच्याच्या पाठीने वाटीच्या कडेला घोटा. मगच आणखी दोन टेबलस्पून दूध घालून पातळ करा. एकदम सगळं दूध ओतलं तर गुठळ्या तशाच पोहत राहतात. घोटताना रंग झपकन गडद होतो आणि वास सुटतो. तो वास म्हणजे तुमची स्मूदी चॉकलेटची लागणार याची खूण. मग वाटी बाजूला ठेवून गार होऊ द्या.

दूध, केळं, गोडी

कोल्हापूरकराला फॅट म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही, डेअरीत दूध घालणाऱ्या घरात तर ती रोज पावतीवर छापून येते. म्हशीच्या दुधाला सहा-सात टक्के फॅट लागते, टोन्ड दुधात ती तीन टक्के असते. म्हशीचं दूध वापरलं तर हाच ग्लास पावणेपाचशे-पाचशे कॅलरीपर्यंत जातो. तालीम किंवा जिम करणाऱ्याला ते चांगलंच आहे, दिवसभर बसून काम करणाऱ्याने टोन्ड किंवा गाईचं घ्यावं.

म्हशीचं दूध घेतलं तर एक काम न विसरता करा. तापवून, गार करून त्याची साय पूर्ण काढा, हवं तर गाळणीतून गाळा. सायीसकट दूध बर्फाबरोबर मिक्सरमध्ये फिरलं की आपण घरी लोणी काढतो तेच इथे घडतं. ग्लासावर पांढरे कण तरंगतात आणि टाळूला चिकटतात. बऱ्याच जणांना वाटतं दूध फाटलं, पण ते लोणी असतं. कोल्हापुरात कट्ट्यावर म्हैस पिळून तिथेच पितात त्या धारोष्ण दुधाची गोष्ट वेगळी, स्मूदीला मात्र तापवून गार केलेलंच दूध वापरा. कच्च्या दुधातून येणारे जंतू बर्फाने मरत नाहीत. पिशवीतलं पाश्चराइज्ड दूध फ्रीजमधून थेट घातलं तरी चालतं.

केळं सालीवर तपकिरी ठिपके आलेलं घ्या. हिरवट केळ्यात स्टार्च जास्त असतो, स्मूदी तुरट आणि चिकट होते. वेलची केळी घेतली तर दोन लागतील, त्यांचा वासही छान लागतो. घट्टपणा हवा असेल तर केळं गोठवा. सोलून बोटभर जाडीचे काप करा, स्टीलच्या ताटलीत एकमेकांना न चिकटवता पसरा, चार-पाच तास फ्रीजरमध्ये ठेवा आणि मग डब्यात भरा. सालीसकट गोठवलेलं केळं सोलता सोलता नाकी नऊ येतात. गोठवलेलं केळं बर्फापेक्षा सरस, कारण ते वितळलं तरी चव पातळ होत नाही.

खजूर घेणार असाल तर अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा, बी राहिली नाही ना हे बोटाने चाचपून बघा. मिक्सरच्या पात्याची वाट लावायला खजुराची एक बी पुरेशी असते. काकवी मात्र गार दुधात लगेच मिसळते आणि तिचा किंचित खारट, खमंग स्वाद कोकोला फार शोभतो. घरात गूळच असेल तर तो किसून दोन चमचे कोमट पाण्यात विरघळवून, गाळून, गार करून घाला. गाळल्यावर तळाला थोडी रेव दिसतेच. कोल्हापुरी गूळ आपल्या अभिमानाची गोष्ट आहे, २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण कॅलरीच्या हिशेबात गूळ आणि साखर जवळपास सारखेच, त्यामुळे गूळ आहे म्हणून सढळ हाताने घालू नका. केळं चांगलं पिकलेलं असेल तर आधी बिनगोडीची स्मूदी करून चाखा. बऱ्याचदा काहीच लागत नाही.

मिक्सर फिरवताना

क्रम असा ठेवा: आधी दूध, मग कोकोचा गार झालेला लेप, मग पीनट बटर, मीठ आणि खजूर, सगळ्यात वर गोठवलेलं केळं किंवा बर्फ. पीनट बटर आधी टाकलं तर ते पात्याखाली जाऊन बसतं आणि शेवटपर्यंत तिथेच राहतं. चमचा आधी दुधात बुडवून मग बटर काढलं तर ते चमच्याला न चिकटता घसरतं, पण हे वाटीत काढून घेतलेल्या बटरशी करा, बरणीत ओला चमचा नको.

भांडं दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. झाकणाची रबरी रिंग नीट बसली आहे का बघा आणि तळवा झाकणावर दाबून धरा. झाकण नीट बसलं नसेल तर स्मूदी बाहेर उडते आणि स्वयंपाकघराची भिंत तपकिरी होते.

सुरुवातीला बटण उलटं, व्हिपवर, तीन-चार झटके द्या म्हणजे केळं किंवा बर्फ फुटेल. मग दोन नंबरवर चाळीस सेकंद. थांबा, कडा खरवडा, पुन्हा वीस सेकंद. पात्याचा खडखडाट बंद होऊन एकसारखी घरघर ऐकू आली की झालं. दोन-तीन मिनिटं फिरवत राहिल्याने काही बारीक होत नाही, उलट मोटरच्या उष्णतेने स्मूदी कोमट होते आणि नुसता फेस वाढतो. ग्लासात ओतून मिनिटभर ठेवा, फेस बसतो.

बिघडलं तर

कडू लागली तर आधी मीठ घातलं होतं का आठवा. चिमूटभर मीठ कडूपणा दाबतं, म्हणून साखरेकडे हात जाण्याआधी ते घालून बघा. तरी कडूच असेल तर अर्धं केळं वाढवा. पातळ झाली तर बर्फ घालू नका, तो वितळून आणखी पातळ करेल. केळ्याचे दोन गोठवलेले काप किंवा एक टेबलस्पून ओट्स घाला. ओट्स घातल्यावर पाच मिनिटं थांबून पुन्हा फिरवा, त्यांना फुगायला वेळ लागतो. फार घट्ट झाली आणि पाती रिकामी फिरायला लागली तर आत चमचा घालून ढवळायचा मोह होतो. आधी मिक्सर बंद करा, प्लग काढा, मगच ढवळा आणि दोन-दोन चमचे दूध वाढवत जा.

तळाला साका बसत असेल तर दाणे कमी दळले गेलेत किंवा कोको नीट घोटला गेला नाही. तोंडात घेऊन बघा: खरखरीत लागलं तर दाणे, पिठूळ लागलं तर कोको.

करून ठेवायची म्हटलं तर फ्रीजमध्ये चार-पाच तासांपलीकडे नको. केळं काळवंडतं आणि चव उतरते. सकाळची घाई असेल तर रात्री केळ्याचे काप आणि खजूर एका डब्यात गोठवा, कोकोचा लेप वाटीत झाकून फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी तीन मिनिटांत होतं.

व्यायामानंतर खुराक म्हणून घ्यायची असेल तर दूध ३०० मिली, पीनट बटर दोन टेबलस्पून आणि ओट्स तीन टेबलस्पून करा. म्हशीच्या दुधात हा ग्लास साडेसातशे कॅलरीच्या आसपास जातो. शाळकरी मुलाला मूळ मापाचा अर्धा ग्लास पुरे. दूध पचत नसेल तर ताजं, गोड दही १५० ग्रॅम आणि पाणी ८० मिली घ्या. आंबट दही आणि नैसर्गिक कोको यांचं जमत नाही.

शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्याला ही स्मूदी द्यायची नाही, चमचाभरही नाही, आणि त्याच्यासाठी दुसरं काही करताना भांडं व झाकणाची रिंग काढून धुवायची. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनीही जपावं, कारण कोको आणि शेंगदाणे दोन्हींत ऑक्झलेट भरपूर असतं. मधुमेह असेल तर केळं अर्धं, खजूर-काकवी बंद, आणि किती घ्यायची ते डॉक्टरांना विचारून.

भांडं वाळू देऊ नका. पीनट बटरचा थर वाळला की घासून निघत नाही. लगेच कोमट पाणी आणि साबणाचा एक थेंब घालून पंधरा सेकंद फिरवा, मग पात्याखाली जुना टूथब्रश घाला. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवलं तर पात्याच्या बुशात, म्हणजे पातं ज्यात फिरतं त्या कड्यात, पाणी शिरतं आणि भांडं गळायला लागतं.

ज्या दिवशी पीनट बटर कराल, त्या दिवशी मात्र भांडं धुवायची घाई नको. कितीही खरवडलं तरी पात्याखाली आणि कडेला एक-दीड टेबलस्पून राहतंच, म्हणजे बरोबर एका ग्लासाचं माप. भांडं गार होऊ द्या, त्यातच दूध ओता आणि पहिली स्मूदी तिथेच फिरवा.